रेवा बार्शीला गेली

सोम., १२ फेब्रु.
पाण्याचा दिवस. सकाळपासून पिंपं, बादल्या, कळश्या. कंबर मोडली. दु. दोनला टेकले, टीव्ही लावला आणि बसल्या जागी ओरडले. दोनची परत लागली! आमची दोनची सिरियल. तेच गाणं, तोच जिना, कालिंदी तशीच पदर सावरत खाली येते. बावीस-तेवीस वर्षं झाली असतील. हे आतनं धावत आले, काय झालं म्हणून. म्हटलं, काही नाही, कालिंदी आली. "मग तिचा पण चहा टाक की," म्हणाले.

शेजारच्या नरसक्काला खिडकीतनं हाक मारली. ओल्या हातानंच आली. अर्धा भाग दोघींनी उभ्यानंच बघितला. बसायचं सुचलं नाही.

मंगळ., १३ फेब्रु.
रोज दोन-दोन भाग दाखवणार म्हणे. देव पावला.

तेव्हाचं आठवतं तेवढं लिहून ठेवते. सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. दिवसभर त्यांचं हाक मारणं, कन्नडात रागावणं. दोनला त्यांचा डोळा लागायचा. दोन ते अडीच ही वेळ माझी. त्याच वेळेला नरसक्का विड्यांचं सूप घेऊन यायची. तिच्याकडं टीव्ही नव्हता. खाली बसून पान कापायची, तंबाखू भरायची, दोरा गुंडाळायची, सगळं न बघता. डोळे टीव्हीवर.

पण सिरियल हिंदी, आणि तिला हिंदीचं नाव नको! घरात तेलुगू, बाजारापुरतं मराठी. मग मी सांगायची. माझं हिंदी तरी काय, सोलापूरचं, 'कायकू' आणि 'नक्को'वालं. कालिंदीचा सासरा एकदा म्हणाला, रेवाला ऊँची शिक्षा देणार. रेवा म्हणजे कालिंदीची लेक. मी नरसक्काला सांगितलं, पोरीला मोठी शिक्षा देणार हायत. आठवडाभर ती त्या म्हाताऱ्याला शिव्या घालत होती. पोरगी कॉलेजात गेली तेव्हा कळलं की शिक्षा म्हणजे शिक्षण. नरसक्काला काय सांगू? म्हटलं, म्हाताऱ्यानं माफ केलं.

आज तोच सीन आला. हसून हसून दोघींच्या डोळ्यांत पाणी.

गुरु., १५ फेब्रु.
परवा दुपारी हसले आणि रात्री आठवलं. पुढं काय येणार ते.

कपाटातनं जुनी वही काढली. सापडलं. "आज रेवा गेली. न.ला बार्शी सांगितलं." एवढंच लिहिलंय. बाकी सगळं ध्यानात आहे.

नरसक्काची लेक लक्ष्मी तेव्हा काविळीनं गेली. रेवाच्याच वयाची. कॉलेजला जाताना मला हात करून जायची. त्यानंतर नरसक्का किती दिवस घराबाहेर पडली नाही. मी रोज दोनला दार उघडं ठेवायची. एक दिवस आली, सूप घेऊन, जागेवर बसली. आणि त्याच दिवशी मेल्यांनी रेवाला मारली. गाडीचा अपघात. दवाखाना, पांढरी चादर, कालिंदीचा हंबरडा.

माझ्या तोंडातनं निघून गेलं, "गेली."

नरसक्काचे हात थांबले. "कुटं गेली?"

मराठीत 'गेली'चे दोन अर्थ. तेलुगूत 'पोयिंदी'चे पण दोनच. मी दुसरा धरला. म्हटलं, "बार्शीला. मावशीकडं."

सिरियल दिल्लीची. घराला सतरा खोल्या, दारात चार गाड्या. आणि मावशी बार्शीला! मला दुसरं गावच सुचलं नाही, सकाळीच बार्शीच्या नणंदेचं पत्र आलं होतं.

शुक्र., १६ फेब्रु.
एक खोटं बोललं की त्याच्यामागं दहा. कालिंदी रडायची, मी सांगायची, लेक लांब गेली म्हणून रडती. भिंतीवर रेवाचा फोटो आला, हार घातलेला. म्हटलं, वाढदिवस असेल, मोठ्या लोकांत तशी रीत असती. पुढं मीच रेवाचं लग्न लावलं, अडत्याच्या घरात. धान्याचा व्यापार, नवरा शांत, सासू जरा खवट. मग पोरगी झाली. सिरियल संपेस्तोवर रेवा बार्शीत सुखानं नांदत होती. नरसक्का रोज अडीचला सूप उचलताना विचारायची, "रेवाचं काय?" आणि मी दोन मिनिटं काहीतरी सांगायची. त्यासाठी सकाळपासून भाकरी थापताना डोकं चालवायची.

खरं लिहायचं तर मला त्याची गोडी लागली होती. सासूबाईंचं करताना जीव विटायचा, पण डोक्यात बार्शीचं घर चालू असायचं. त्या सिरियलचे उपकार आहेत माझ्यावर, फिटायचे नाहीत.

मंगळ., २० फेब्रु.
नरसक्काची सून पद्मा आली होती. मोबाईल दाखवला. "काकू, हे बघा, दोनची आता तेलुगूत पण आलीय. आत्याबाईंना उद्यापासून घरीच लावून देते. तुमचा त्रास वाचला."

मी म्हटलं, बरं झालं की.

काय बरं झालं डोंबल. मला कुणी कामावरनं काढल्यासारखं झालं. तेलुगूत रेवा मरणार. नीट, स्वच्छ, शब्द न शब्द कळेल असं. आणि नरसक्काला कळणार की मी तिला इतकी वर्षं फसवली. लक्ष्मीच्या वेळी फसवली. तेच टोचतंय.

बुध., २१ फेब्रु.
दोनला एकटीच. कालिंदीनं सासूला सुनावलं, मी कुणाला सांगू? ह्यांना सांगायला गेले तर झोपलेले.

गुरु., २२ फेब्रु.
ह्यांना सगळं सांगितलं. म्हणाले, सिरियल तर हाय, त्यात काय एवढं. पुरुषांना सांगून उपयोग नाही. थोड्या वेळानं स्वतःच म्हणाले, तिनं दुसऱ्याकडनं ऐकण्यापेक्षा तूच सांग. ते बाकी खरं.

शुक्र., २३ फेब्रु.
शेंगाची चटणी कुटली, वाटीभर घेऊन नरसक्काकडं गेले. सांगायचंच म्हणून. ती भिंतीला टेकून बसलेली, मोबाईल उशीला उभा करून. विड्या सोडून पाच वर्षं झाली पण बोटं चालूच असतात, अंगठा आणि तर्जनी, रिकामीच गुंडाळतात. वर लक्ष्मीचा फोटो. हार घातलेला.

त्या फोटोकडं बघितलं आणि डोक्यात लख्ख उजेड पडला. हार कशाला घालतात हे हिला माहीत नसेल? वाढदिवसाचा हार म्हणे! त्या वेळी हिच्या घरात तो हार ताजा होता. मी काय बोलून बसले होते तेव्हा? आणि ती काहीच का बोलली नाही?

सांगणं राहिलंच. चटणी ठेवून आले.

सोम., २६ फेब्रु.
दोनला पाच कमी. दार वाजलं. नरसक्का.

म्हटलं, काय ओ, मोबाईल बिघडला? तर म्हणाली, मोबाईल बरा हाय, पण तेलुगूत कालिंदी लई कडक बोलती, आपली कालिंदी तशी न्हाय. "तुमीच सांगा वैनी. तुमी सांगता ते गोड लागतंय."

तिची जागा तीच, टीव्हीच्या डावीकडं खाली. खुर्ची दिली तर नको म्हणाली. मी सांगत बसले.

बुध., २८ फेब्रु.
वहीवरनं हिशेब लागतो, रेवाचा भाग परवा. नरसक्काला म्हटलं, परवा मला बँकेत काम आहे, नको बघायला. म्हणाली, बँक चारपर्यंत असती की.

शुक्र., १ मार्च
झालं.

तोच दवाखाना, तीच चादर. कालिंदीनं हंबरडा फोडला. नरसक्काची बोटं थांबली. तिनं नजर काढली नाही, मी काढली. मग ठरवलं, आता खरं बोलायचं. तिच्याकडं बघून म्हटलं, "नरसक्का, रेवा गेली."

ह्या वेळी एकाच अर्थानं म्हटलं. आवाजातच होता तो अर्थ.

जाहिराती लागल्या. ती टीव्हीकडंच बघत म्हणाली, "बार्शीला ना?"

तिनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. जुना, तंबाखूनं पिवळा पडलेला हात. "त्या टायमाला मला कुणीच काय बोलत नव्हतं, वैनी. सगळी रडत होती नुसती. तुमी रोज सांगत होता." एवढं बोलून उठली आणि चहा ठेवायला आमच्याच स्वयंपाकघरात गेली. साखर कुठं असते तिला माहीत आहे.

रवि., ३ मार्च
दोन दिवस नुसता विचार. तिला तेव्हाच कळलं होतं का? की नंतर कधी? की आत्ता मोबाईलवर कुणी सांगितलं? विचारलं तर सांगेल. पण विचारायचं धाडस नाही, आणि खरं म्हणजे विचारायचंच नाही. मी समजत होते की मी तिला सांभाळलं. ती मला रोज अडीचला "रेवाचं काय" विचारत होती. त्या वर्षांत मला दुसरं कुणी काय विचारत होतं?

सोम., ४ मार्च
आज दोनला भिंतीवर रेवाचा हारवाला फोटो आला. नरसक्का म्हणाली, "वाढदिवस." मी म्हटलं, "व्हय." दोघी हसलो. मग ती डोळे पुसत बसली, मी पण.

तीनला उठताना दारात थांबली. म्हणाली, "वैनी, रेवाच्या पोरीचं नाव काय ठेवलं होतं आपण?"

आपण म्हणाली.

म्हटलं, आठवून उद्या सांगते. संध्याकाळी सगळ्या जुन्या वह्या चाळल्या. बारसं आहे, पाळणा आहे, खवट सासूनं केलेले लाडू आहेत. नाव कुठंच नाही. ठेवायचंच राहून गेलं होतं.

कागदावर पाच-सहा नावं काढली. पहिलंच लक्ष्मी आलं. ते खोडलं. मग परत लिहिलं.