कॅरिअरवरचा पोपट

१२ जानेवारी

चि. पोपटास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

सत्तरीला टेकलेल्या माणसाला पोपट म्हणू नये, असं माझी लेक म्हणते. मी सांगते आहे आणि ती लिहिते आहे, तेव्हा हेही तिला मुकाट्यानं लिहावं लागलं. पण जो मुलगा माझ्या सायकलच्या कॅरिअरवर बसून शाळेपर्यंत अख्खं कवितांचं पुस्तक पाठ म्हणायचा, त्याला दुसरं काय म्हणू?

आता मुद्द्याचं. ज्या अंधशाळेत मी पांढरी काठी धरायला शिकले, त्यांना मुलांसाठी कार्यशाळा बांधायची आहे. त्यासाठी पैसे उभे करायला मे महिन्यात सायकलफेरी काढणार आहेत. दोन सीटची लांब जोडसायकल असते. पुढे डोळस माणूस, मागे माझ्यासारखं माणूस, आणि पायडल दोघांनी मारायचं. शाळेचे सर, जावई, शेजारीण, सगळे माझ्या मागे लागलेत. मी साफ सांगितलं की परक्याच्या पाठीमागे मी बसणार नाही. माझा भाऊ सात वर्षं माझ्या मागे निर्धास्त बसला. तो पुढे बसणार असेल तर मी मागे बसते, नाहीतर विषय बंद. एवढ्या लांब तू थोडाच येतोस, असं वाटून सगळ्यांनी माझा नाद सोडला.

सरावाचं विचारत नाही. माझं लग्न झाल्यापासून माझी सायकल तुझ्याकडेच आहे. येतोस का, तेवढं कळव.

तुझी आक्का

ता. क. मामा, हे मात्र माझं, आईला न वाचून दाखवलेलं. दृष्टी गेल्यावर अंधशाळेत जायची तेवढंच, ते संपल्यापासून ती फाटकाबाहेर पडलेली नाही. दिवसभर खिडकीजवळच्या खुर्चीत बसून असते. ही अट तिनं सुटका म्हणून घातली की आशेनं, मला कळत नाही. पण तुम्ही हो म्हणा. — चिमणी


३० जानेवारी

ती. आक्कास,
शि. सा. न. वि. वि.

येतो! पत्र वाचलं आणि पासपोर्टासाठी फोटो काढून आलो. फोटोत मी चोरासारखा दिसतो असं मंडळींचं मत पडलं. पण त्यांनीच कपाटावरची बॅग काढून उन्हात ठेवली आहे, म्हणजे परवानगी मिळाली असं मी धरतो.

आक्का, काल दुपारभर तो शाळेमागचा उतारच डोळ्यांपुढे होता. तिथं पोचलीस की तू दोन्ही हात सोडून द्यायचीस आणि मी डोळे गच्च मिटून तुझी कंबर धरायचो. एरवी मी पुस्तकातल्या कविता म्हणायचो, नदीची, पाखरांची, त्या म्हाताऱ्या वडाची. उतारावर मात्र त्यातलं काही आठवायचं नाही, म्हणून मी आपली स्वतःची एक केली होती:

पुढे आक्का, मागे मी,
मधे वारा, भीती कमी.

जन्मात मी केलेली तेवढीच कविता. त्यानंतर चाळीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासत दुसऱ्यांच्या कवितांमधले काने-मात्रे सरळ करत बसलो.

चिमणे, इथून पुढचं मोठ्यानं वाचू नकोस, मनात वाच. मला सायकल येत नाही. आक्काची सायकल मी रोज छापखान्यात न्यायचो, पण हाताला धरून. डबा कॅरिअरवर, मी शेजारी, आणि तोंडात एखादी कविता. त्यासारखी सोबत नाही. वाटेवरचा पंक्चरवाला बिचारा कितीतरी दिवस मला हाक मारून बसवायचा. सायकल येते का, असं मला कुणी कधी विचारलंच नाही. मेपर्यंत शिकतो. नाहीच जमलं तर पाठदुखी काढीन. तू आक्काला यातलं अक्षर कळू देऊ नकोस.

आक्का, आता पुन्हा तुला. सगळं क्षेम आहे. सराव जोरात चालू आहे.

तुझा, पोपट


१६ फेब्रुवारी

चि. पोपटास,
अनेक उत्तम आशीर्वाद, आणि एक चापट.

माझी लेक पत्र बातम्यांसारखं एका दमात वाचते. 'मनात वाच' हे तिनं ठणठणीत आवाजात वाचलं आणि त्याच दमात 'मला सायकल येत नाही' हेही. मग ती कागदाची घडी घालायला लागली. मी म्हटलं, वाच बाई पुढे, आता भिंतींनाही कळलंय. पंक्चरवाल्यापाशी पोचेपर्यंत मला हसून हसून उचकी लागली. जावई पाणी घेऊन धावले. या घरात असं कुणी हसल्याला फार दिवस झाले होते, असं ते म्हणाले.

खबरदार पाठदुखी काढलीस तर! अरे, खेळाची बाई होते मी. शाळेतल्या किती मुलींना सायकल शिकवली याचा हिशेब नाही, आणि घरातला भाऊ तेवढा कोरडा राहिला. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

पहिला धडा कसा द्यायचा हे डोक्याला आठवेना, म्हणून मी चिमणीला तिची सायकल फाटकाच्या आतल्या बोळात आणायला लावली. एका बाजूला भिंत धरून चढून बसले. जावयांचा जीव वर-खाली होत होता. पण पाय लागताच सगळं आठवलं. तर ऐक. चाकाकडे बघायचं नाही, जो बघतो तो पडतो. लांबची एखादी वस्तू धर आणि तिच्याकडे बघ. सीट खाली घे, दोन्ही टाचा टेकल्या पाहिजेत. आणि कॅरिअर धरायला आमच्या भावजयीला सांग. तिच्या हातून आजवर काही सुटलेलं नाही, तूसुद्धा.

आक्का


२२ मार्च

ती. आक्कास,
शि. सा. न. वि. वि.

छापखान्यामागे कागदाची रिळं उतरवण्याचं मोठं फरसबंद अंगण आहे. राखणदार जुन्या ओळखीतला, सुट्टीच्या दिवशी फाटक उघडून देतो आणि स्वतः स्टूल टाकून तमाशा बघायला बसतो. मंडळी लेकीचे बूट घालून कॅरिअर धरून धावतात. माझ्यापेक्षा त्यांचीच तब्येत सुधारली. कोपऱ्यात कागदाच्या कातरणाचा ढीग असतो, मी नेमानं त्यात पडतो. घरी गेल्यावर मंडळी माझ्या केसांतून कपटे वेचतात आणि माझ्या डोक्यातून कविता बाहेर पडताहेत म्हणतात.

पण आक्का, एक गोची आहे. भीती वाटली की मी कविता म्हणतो. पाय छान लयीत फिरू लागतात. आणि ओळ संपली की पायही थांबतात. जन्मभर जिथं ओळीअखेरचा दंड आला तिथं पेन्सिल टेकवून थांबलो, ती सवय पायांत उतरली आहे. माणूस थांबला की सायकल आडवी. राखणदाराला आता कुठल्या कवितेत मी कुठं पडणार हे आधीच कळतं. मंडळी म्हणतात, यांनी गद्य म्हणावं.

हसण्यावारी लिहितोय, पण रात्री पडल्या पडल्या वाटतं, मी एकटा पडलो तर कागदात पडेन, तुला घेऊन पडलो तर? तू माझ्या भरवशावर बसणार. तुझ्या सरांना पुढे बसव, आक्का. मी येईन, रस्त्याच्या कडेला उभा राहून टाळ्या वाजवीन. तिकीट काही वाया जायचं नाही.

तुझा, पोपट


८ एप्रिल

चि. पोपटास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

टाळ्या वाजवायला लोक आहेत. तू पुढेच बसायचंस.

खरं सांगते, तुझं नाव मी घेतलं ते तू येणार नाहीस म्हणून. बाहेरचा रस्ता मला नदीच्या पुरासारखा ऐकू यायचा. मला त्यात उतरायचं नव्हतं आणि कुणाला तसं सांगायचंही नव्हतं. तुझ्या नावाआड लपले म्हण. आणि तू या वयात माझ्यासाठी कागदाच्या ढिगात लोळतोयस. तुझं पत्र ऐकल्यावर खुर्चीत बसायला लाजच वाटली. हे पत्र मी स्वतः कोपऱ्यावरच्या पेटीत टाकणार आहे. चिमणीला फाटकाशीच उभी राहा म्हणून बजावलंय.

आता औषध. ओळ संपायच्या आत पुढच्या ओळीचा पहिला शब्द जिभेवर आणून ठेव. मुलींना मी दोरीच्या उड्या अशाच शिकवायची. पहिली उडी संपत नाही तोच दुसरी मनात सुरू. कडव्यांच्या मधे मोकळी जागा असते ती डोळ्यांसाठी, पायांसाठी नव्हे. आणि पडलो तर दोघं पडू, लहानपणी काय कमी पडलोय? तेव्हा तुझ्या गुडघ्याला मी फुंकर घालायची, आता तू घाल.

आक्का

ता. क. मामा, गेली आणि आली! परत येताना काठी जोरजोरात आपटत होती, जणू रस्त्यालाच दम देत होती. — चिमणी


१७ मे

प्रिय मंडळींस,
सप्रेम नमस्कार.

काल हँडल इतकं घट्ट धरलं की बोटं अजून वळत नाहीत, अक्षराला नावं ठेवू नयेत.

दोन आठवडे अंधशाळेच्या गाड्या लावायच्या जागेत आक्कानं माझा घाम काढला. गळ्यात शिट्टी! माझा पाय चुकला की तिला मागे पायडलमध्ये कळायचं आणि शिट्टी वाजायची. पण ओळीच्या शेवटी मी एकदाही थांबलो नाही.

काल सकाळी निघालो. छातीवर नंबराचं कापड, तेही वाकडं लावलेलं. पहिल्या वळणावर तुझी फार आठवण आली, कारण कॅरिअर धरायला कुणी नव्हतं. पण मागून पायडलवर आक्काचा जोर यायचा, शांत आणि सारखा. नदीची कविता संपली, पाखरांची संपली, वडाची निम्मी झाली आणि समोर उतार आला. लांब, सरळ, दोन्हीकडे माणसांची दाटी. एक शब्द आठवेना. पायही आता थांबणार असं वाटलं.

तेवढ्यात पाठीमागून खणखणीत आवाज आला:

पुढे पोपट, मागे मी,
मधे वारा, भीती कमी!

माझी साठ वर्षांपूर्वीची ती ओळ पत्रात एकदा ऐकून तिनं पाठ ठेवली होती, मंडळी. मीही गळा काढला. दोघांनी ती तशीच ओरडत, न थांबता, सगळा उतार उतरला. आणि लोकांनी काय टाळ्या वाजवल्या म्हणून सांगू! शिट्ट्या, आरोळ्या, टोप्या हवेत. त्यांची भाषा वेगळी, पण कवितेला कान लागतात, भाषा लागत नाही, असं मला वाटलं. डोळे भरून आले, पण पुसायला हात सोडायची छाती नव्हती. संपेपर्यंत मी नुसता तरंगत होतो.

रात्री जेवताना ही गोष्ट मी सगळ्यांना फार रंगवून सांगितली. जावई खाली बघायला लागले, चिमणीनं तोंडावर रुमाल धरला. शेवटी तिनं मला फोटो दाखवला. उताराच्या मधोमध आमची सायकल. पुढे मी, डोळे वटारून, जबडा वासून. आणि मागे आक्का, दोन्ही हात सोडून आभाळात उंच धरलेले, पदर वाऱ्यावर.

टाळ्या त्याला होत्या.

मी आक्काला रागावून विचारलं, मला आधी सांगितलं का नाहीस. ती शांतपणे म्हणाली की सांगितलं असतं तर तू डोळे मिटले असतेस.

पुढच्या महिन्याअखेर परत निघतो. तोवर सायकलच्या चाकांत हवा भरून ठेव आणि कॅरिअर पुसून घे. एवढे महिने ते धरून तू धावलीस, आता त्यावर बसायचं. छापखान्याच्या अंगणात एक फेरी तरी मारूच. कविता मी म्हणेन, गद्य तू बोल.

लोभ आहेच, तोल राहू दे.

तुझाच, कागदात पडलेला