सायलीचा शुक्रवार

तीर्थरूप माईस,

तुझ्या पायांवर डोकं ठेवून लिहिते. म्हापशात आम्ही मायलेकी खुशाल आहोत.

सायली विद्यापीठातल्या मुलांच्या मनातलं ऐकून त्यांना धीर देते, तुला ठाऊकच आहे. दर शुक्रवारी मुलं गेली की ती आणि तिच्यासोबत हेच काम करणारी माणसं दार लावून एकमेकांपाशी मन मोकळं करतात. काल मी डबाभर पातोळ्या घेऊन गेले, तर आत आपली पोर हुंदके देत होती!

बाहेर आलेल्या तिथल्याच जानकी मॅडमना विचारलं, "काय झालं हो हिला?"

"मावशी, आतलं बाहेर सांगत नाही आम्ही."

असा जळफळाट झाला माझा! घरी मला म्हणते, "आई, मी मजेत." पातोळ्या मात्र त्यांनाच वाढून आले.

तुझा गुडघा कसा आहे? आणि खरं सांग, तुझी लेक वैशाली तुझ्यापाशी रडते का गो?

तुझी धाकटी बहीण,
उषा