पांढरखडकाची परवानगी

१८ नोव्हेंबर २०२४, सोमवार

भरला शेवटी फॉर्म. मधल्या सुट्टीत, लॅबचं दार लोटून घेऊन, कॉलेजच्याच कॉम्प्युटरवर. दोनदा चुकला, तिसऱ्यांदा गेला.

पांढरखडक. किनाऱ्यापासून नऊ मैल समुद्रात, वनखात्यानं राखलेलं बेट. माणूस नाही, झाड नाही, गोडं पाणी नाही. नुसती पाखरं. दोन वर्षांपासून डिसेंबर ते मार्च थोड्या लोकांना नेतात, सगळे मिळून चाळीस. चिठ्ठ्या टाकून नावं काढतात.

शेवटचा रकाना होता — आपणांस बेटावर का यावयाचे आहे, पन्नास शब्दांत लिहा. बराच वेळ बसून राहिले. मग लिहिलं — ‘मी सव्वीस वर्षं प्राणिशास्त्राच्या लॅबमध्ये अटेंडंट आहे. आमच्या कपाटात भुसा भरलेला एक सुरय पक्षी आहे. त्याच्या पायाच्या चिठ्ठीवर पांढरखडक लिहिलं आहे. दर एप्रिलला मी त्याची धूळ झाडते. मला तो उडताना बघायचा आहे.’

पन्नास झाले नाहीत. असू दे.

२० नोव्हेंबर, बुधवार

ह्यांना सांगितलं. मिक्सरची मोटर उघडून बसले होते, वर न बघता म्हणाले, “पाखरं बघाय एवढ्या लांब? रंकाळ्यावर काय कमी हायत?”

ह्यांना कसं सांगायचं मला कळत नाही. मलाच नीट माहीत नाही.

लहानपणी कुरुंदवाडच्या घाटावर आक्काबरोबर धुणं घेऊन जायचे. नदीवर असलेच पांढरे पक्षी, शेपटी कात्रीसारखी, वरनं सूर मारून मासा उचलायचे. आक्का म्हणायची, “ती समुद्राला जात्यात, शिवलीला. संध्याकाळी परत येत्यात.” खरं नव्हतं ते. नदीचे सुरय नदीलाच असतात, समुद्राचे वेगळे, हे लॅबमध्ये लागल्यावर कळलं. पण तोवर समुद्र मनात जाऊन बसला होता.

समुद्र बघितला एकदाच. लग्नानंतर, गणपतीपुळ्याला. देवळाच्या पायरीवरनं, अर्धा तास.

९ डिसेंबर, सोमवार

आज पोरांची सहल गेली. कारवार. जाळ्या, बाटल्या, ट्रे, सगळं मोजून दिलं. बस सुटली. लॅबला कुलूप लावलं आणि घरी आले.

सव्वीस सहली झाल्या. अटेंडंटला नेत नाहीत. नियम आहे की नुसती रीत आहे, कधी विचारलं नाही.

३ जानेवारी २०२५, शुक्रवार

नाव आलं! २० मार्च, फेरी क्रमांक अकरा, शिवलीला संगमेश मगदूम. यादी चार वेळा वाचली. शेवटी मगदूम दुसरी कोणी असेल म्हणून जन्मतारीखही ताडून बघितली.

७ जानेवारी, मंगळवार

विजयसिंह सरांनी केबिनमध्ये बोलावलं. सर म्हणजे आमचे विभागप्रमुख. माणूस चांगला आहे, मला कधी टाकून बोलले नाहीत. बसा म्हणाले. एरवी उभ्यानंच बोलतो आम्ही.

त्यांनीही अर्ज केला होता. नाव लागलं नाही.

“मगदूमबाई, नाव बदलून मिळतंय, मी चौकशी केलीय. तुमचं पत्र लागेल फक्त. मला तिथल्या पक्ष्यांवर एक पेपर लिहायचाय. विभागाचं नाव होईल. तुम्हाला मी पुढच्या वर्षी स्वतः घेऊन जातो.”

मी म्हटलं, विचार करून सांगते.

दिवसभर विचार केला. सर गेले तर चार गोष्टी लिहून आणतील, जगाला उपयोग होईल. मी गेले तर काय? बघेन आणि येईन. खरं तर त्यांचंच बरोबर आहे.

८ जानेवारी, बुधवार

मी सरांना नाही म्हणाले.

“सर, मला जायचंय.” एवढंच बोलता आलं. सरांनी पेनाला टोपण लावलं. मग म्हणाले, “बरं.” विभागाची दुर्बीण मात्र देतो म्हणाले नाहीत. मीही मागितली नाही.

घरी येऊन ह्यांना सांगितलं. हे हसले. “सरांना न्हाय म्हणालीस तू? तू?” आणि जरा वेळानं, “जाऊ या. मी येतो बंदरापर्यंत. होडीत न्हाय चढणार बघ, मला मळमळतंय.”

९ फेब्रुवारी, रविवार

नियमांचा कागद आलाय. प्लॅस्टिक नको, खाणं नको, अत्तर नको, भडक रंग नको. बेटाला होडी लावायला धक्का नाही. होडी खडकाला टेकली की लाट ओसरता ओसरता उतरायचं. बेटावर एक तास.

करड्या रंगाचा पंजाबी ड्रेस शिवून घेतला. आयुष्यात पहिल्यांदा. आरशात बघून मलाच हसू आलं. हे म्हणाले, “बँकेतली साहेबीण दिसतीस.”

रोज सकाळी घराच्या पायरीवरनं एका पायानं उतरायची सवय करते. शेजारच्या धोंडुबाईंनी विचारलं, गुडघ्याला डॉक्टरांनी सांगितलंय काय. व्हय म्हटलं.

२६ फेब्रुवारी, बुधवार

महाशिवरात्र. उपास. मठात जाऊन आले. सगळ्यांसाठी मागून झाल्यावर स्वतःसाठी मागताना लाज वाटली. तरी मागितलं. त्या दिवशी वारा नको.

१८ मार्च, मंगळवार

उद्या निघायचं. अंबूबाई, लॅबमधली माझी जोडीदारीण, चाव्या घेऊन गेली. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा त्या दुसऱ्याच्या हातात गेल्या. कमरेला हलकं हलकं लागतंय.

१९ मार्च, बुधवार

रंगपंचमी. पेठेत रंग सुरू व्हायच्या आत पहाटेची एसटी धरली. राधानगरीवरनं, फोंडा घाट उतरून. घाट संपला तशी हवा चिकट झाली. मला वास आला. हे म्हणाले, मासळीचा. मी म्हटलं, समुद्राचा.

बंदराजवळच खोली मिळाली. खिडकीतनं पाणी दिसतं. बेट दिसत नाही इथनं. तरी त्या अंगाला तोंड करून बसलेय.

२१ मार्च, शुक्रवार

घरी. कालचं लिहायचंय. काल हात धजला नाही.

सकाळी सातला होडी सुटली. यादीत माझ्याबरोबर पुण्याचं एक जोडपं होतं, ते आलंच नाही. म्हणजे मी, होडीवाले काका आणि वनरक्षक हंबीरराव. हंबीरराव आपल्या राधानगरीकडचे, बदली होऊन इकडं आलेले. माझं बोलणं ऐकून म्हणाले, “पावणं कोल्हापूरचं व्हय! मग आता काळजी न्हाय.” हे धक्क्यावर पिशवी धरून उभे राहिले.

दीड तास. आधी नुसतं पाणी. मग एक पांढरा ठिपका, मग तो खडक झाला, मग खडकावर धूर हलावा तसं काहीतरी हलायला लागलं. पाखरं होती ती. आवाज आधी आला. लॅबमधल्या सुरयाला आवाज असेल हे सव्वीस वर्षांत माझ्या मनातच आलं नव्हतं. कर्कश, भांडल्यासारखा. डोक्यावर काळी टोपी, चोच पिवळी. आमच्याकडच्याची चोच मातकट झालीय. मला वाटायचं तसाच रंग असतो.

मी रडत होते. हंबीररावांनी तोंड दुसरीकडं केलं.

होडी टेकली. उतरायला एकच सपाट जागा आहे, अंगणाएवढी. मी पाय उचलला आणि खाली बघितलं. टिपक्याटिपक्यांचं एक अंडं. नुसत्या दगडावर. ना काडी, ना गवत. पलीकडं दुसरं. मग दिसतच गेली. होडीतनंच चौदा मोजली.

हंबीरराव म्हणाले, “आता कशी काय? ही एप्रिलच्या शेवटाला घालत्यात. औंदा लवकर आल्यात.”

“आपण उतरलो तर पाखरं उठतील?”

“उठत्यात की.”

“मग अंड्यांचं?”

ते खोटं बोलले असते तर मला कळलं नसतं. “ऊन लागलं की भाजत्यात. न्हायतर दुसरी पाखरं फोडत्यात.” मग हळू म्हणाले, “बाई, तुमची परवानगी हाय. एवढ्या लांबनं आलाय. कडेकडेनं धा मिनटं नेतो. तुमी सांगाल तसं.”

काका होडी धरून होते. लाट येत होती, जात होती. खडक एका हातावर होता. माझा पाय अजून वरच होता.

एक सुरय अगदी समोर, अंड्यावर बसलेला. उठला नव्हता. नुसता बघत होता.

पाय आत घेतला. “वळवा,” म्हटलं.

बेटाला एक लांबनं फेरी मारली त्यांनी, माझ्यासाठी. मग परत.

बंदरावर वनखात्याच्या चौकीत नोंदवही असते. आल्या माणसानं काय बघितलं ते लिहायचं. मी लिहिलं — उतरायच्या जागेवर चौदा अंडी, उतरले नाही. हंबीरराव वाचून म्हणाले, “असं लिवलं तर ह्या हंगामाच्या बाकीच्या फेऱ्या थांबत्यात बघा.” मी म्हटलं, थांबू देत. “मग पुढच्या डिसेंबरासाठी परत अर्ज करा. पाखरं नसत्यात तवा उतरता येतंय. मी हाय हितंच.”

धक्क्यावर ह्यांनी विचारलं, “बघितलंस?”

“व्हय.”

घाट चढेपर्यंत एसटीत हे माझ्या पायांकडं बघत होते. मग म्हणाले, “उतरली न्हाईस तू. चपला कोरड्या हायत तुझ्या.”

सांगितलं सगळं. दाजीपूर येईपर्यंत हे माझा हात धरून बसले. गाडीत माणसं होती तरी.

२४ मार्च, सोमवार

सरांनी विचारलं, कसं झालं. सांगितलं. ऐकून चष्मा काढून पुसत राहिले. “मी उतरलो असतो, मगदूमबाई,” म्हणाले. मग दुपारी स्वतः लॅबमध्ये आले. माझा अंड्यांचा आकडा, वेळ, जागा, सगळं विचारून लिहून घेतलं.

२ एप्रिल, बुधवार

कपडे धुताना, भाजी चिरताना, मध्येच तो खडक एका हातावर येतो. एकच पाऊल. ठेवलं असतं तर कसं लागलं असतं पायाला? गार? खरबरीत? डिसेंबरला आठ महिने आहेत. फॉर्ममध्ये यंदा काय लिहायचं ते रोज बदलतं.

१७ एप्रिल, गुरुवार

वनखात्याचं पत्र आलं. माझ्या नोंदीवरनं त्यांनी पाहणी केली. उतरायची जागा हीच वीण व्हायची मुख्य जागा निघाली. लोकांची जा-ये सुरू झाल्यापासून पाखरं तिथनं हटली होती, यंदा पहिल्यांदा परतली. म्हणून बेट नागरिकांसाठी कायमचं बंद. खाली आभार, माझ्या नावानं.

हे म्हणाले, “वाईट वाटतंय काय?” वाटतंय. फार वाटतंय.

पत्रात आकडा दिलाय. एकशे त्र्याहत्तर अंडी. मला चौदाच दिसली होती.