विरोधकाची सात पानं

सर,

गुरुवारी आमची कंपनी बंद असते, म्हणून तुमची आठवणही बहुधा गुरुवारीच येते. आठवणीत पिंपरीहून गाडी धरून मी तळेगावला तुमच्या घरी येतो. स्वयंपाकघरात काकू पोहे परतत असतात, आणि त्या वाफेतून तुम्ही सातशे वर्षांपूर्वीच्या दोन पंडितांच्या वादाबद्दल बोलत असता, जणू ते आत्ता मागच्या दारानं आत येतील. मी नववी नापास. पण माझं अक्षर बरं आणि ऱ्हस्वदीर्घ चुकत नाही, म्हणून तुमच्या ग्रंथाची स्वच्छ प्रत करायचं काम माझ्याकडे आलं. ती दिवाळीच्या सुट्टीआधी विद्यापीठात पोचली तरच तुमचा प्राध्यापकपदासाठी विचार होणार होता. "वीस वर्षं वाट पाहिलीय रे त्यांनी," चहा देताना काकू हळूच म्हणाल्या होत्या.

आमच्या बेअरिंगच्या कंपनीत मी तपासणी खात्यात. मापात न बसणाऱ्या भागावर लाल फुली मारायची आणि तो बाजूला ठेवायचा, ही हाताची सवय. तुमच्या तिसऱ्या प्रकरणात सात पानं अशी आली, की त्यांत जग स्वप्नासारखं आहे असं ठासून म्हटलेलं. स्वप्नातलं पाणी स्वप्नातली तहान भागवतं; मग जागेपणीच्या पाण्याला एवढा तोरा कसला? ती वाचून मी कामावर गेलो, तर फिरणारी यंत्रंसुद्धा पाण्याखाली असल्यासारखी वाटली. पण आठव्या पानावर तुम्हीच जग खरं असल्याचं सिद्ध करत होता. मला वाटलं, सरांची आधीची चूक आत राहून गेली. मी सातही पानांवर फुल्या मारल्या आणि प्रतीतून ती गाळली.

पुढच्या गुरुवारी प्रत चाळताना तुम्ही थांबलात.

"अहो इन्स्पेक्टरसाहेब, माझा विरोधक कुठं गेला?"

"कोण विरोधक, सर?"

"ज्याच्याशी मी भांडतोय तो! आधी त्याचं म्हणणं मांडायचं, त्याला स्वतःला जमणार नाही इतकं चांगलं. मग आपलं उत्तर. पाहुण्याला पाट न देताच हात उगारायचा होय?"

काकू आतून हसल्या. "रिजेक्ट केला असेल त्यानं! तुमचं पुस्तक म्हणजे बेअरिंग वाटलं असेल."

 नववी नापास माणसानं तुम्हाला फुली मारली, हे कसं दाखवणार? मी म्हणालो, "पानं गाडीत हरवली, सर."

तुम्ही रागावला नाहीत. दुसरी प्रत नव्हतीच. खिडकीशी बसून ती पानं तुम्ही पुन्हा लिहू लागलात. एक ओळ लिहायची, मग बराच वेळ बाहेर पाहत राहायचं, हरवलेला माणूस रस्त्यानं परत येतोय का, तसं. दिवाळी येऊन गेली. जागा दुसऱ्या कुणाला मिळाली. ग्रंथ छापून आला तेव्हा तुम्ही नव्हता.

सर, पानं माझ्या ट्रंकेत आहेत. आज छापील पुस्तकाशी ताडून पाहिली. पुस्तकातला विरोधक थकलेला वाटतो. माझ्याजवळचा अजून ताजा आहे, आणि त्याला तुम्ही दिलेलं उत्तर मला पुरेसं वाटत नाही. हे पत्र टाकायला पत्ता नाही. पत्ता काकूंचा आहे. मी गेलो की त्या अजून विचारतात, "ती पानं कधी सापडली का रे?" मागच्या महिन्यातही मी नाही म्हणालो.