खिळ्यांखालचा सरस

दादा,

नाटकाच्या चौकटी हॉलवरून आणल्या. सुट्या होईनात म्हणून अख्ख्याच ठेल्यावर घातल्या, आता दारातून आत जाऊन नाही राहिल्या. अंगणात उभ्या आहेत. रंगवलेल्या कापडाले पाणी लागू देऊ नको.

कोपऱ्याले बोल्ट लावायचं ठरलं होतं. बोल्टाची चाकी फिरवली की चौकट मोकळी, दरवर्षी नव्या नाटकाले तीच. तू म्हणाला, घाई आहे, सध्या खिळे ठोकू, बोल्ट मागून लावू. मी कोपरा धरून बसलो, तू ठोकत होता. आज खिळे उपटले, तर खाली सरस, लाकडाले लाकूड पक्कं चिकटलेलं. चार दिवसांच्या जोडाले सरस कोण लावते गा?

हॉलचा चौकीदार रामाजी म्हणाला, "तुह्या दादानं मुंबईची नोकरी धरली ना, हे शेवटचंच नाटक होतं." त्याले माहीत, मले नाही. काहून?

मी सावनेरच्या मंडळाचं नेपथ्य करायले जाऊन राहिलो. बोल्टाची थैली सोबत नेली. वरण चुलीवर झाकून ठेवलं आहे, गरम करून घेजो.

करवत तुह्या उशाशी आहे. चौकटी आत घ्यायच्या असतील तर कापाव्या लागतील. कोपरा धरायले मी नाही.

वसंता