नंबर नसलेलं ग्रीस

३ नोव्हेंबर, सोमवार
शी! आज पुन्हा कोपरापर्यंत ग्रीस. साबण लावला तर साबणालाच ग्रीस लागलं. चार वर्षं घरदार सोडून या कारखान्यात मशिनींच्या पोटाखाली लोळतोय. वीट आला. फिटरच्या बेंचवर एक जागा रिकामी झालीय. ती माझीच. चेहऱ्यावरून मी फिटरच दिसतो.

४ नोव्हेंबर, मंगळवार
संधी चालून आली. आमच्या फोरमनला सगळे मायक्रॉन म्हणतात, कारण केसाएवढी चूकही त्याच्या डोळ्यात खुपते. सध्या त्याचा उजवा हात प्लास्टरमध्ये आहे. घरी त्याची दुर्बीण आहे, लांब नळीची, तारे बघायची. तिचा फोकसर, म्हणजे डोळा लावायची नळी मागेपुढे सरकवणारा भाग, खिळखिळा झालाय. नवा भारीतला आणून ठेवलाय, पण बसवणार कोण? मी म्हटलं, मी. म्हणाला, नीट बसवलास तर बेंचचं बघू.
'बघू' म्हणजे झालंच. आईला फोन करून सांगून टाकलं, फिटर झालो. उगाच आठवडाभर तिला कशाला ताटकळत ठेवा?

६ नोव्हेंबर, गुरुवार
आईने मामाला सांगितलं. मामाने माझ्यासाठी पाहिलेल्या मुलीकडच्यांना. मुलगी म्हणाली म्हणे, ग्रीसवाला नको होता, फिटर असेल तर चालेल. खोलीतला वेल्डर म्हणाला, अरे, आधी बेंचवर बूड टेकव, मग नवरदेव हो. जळतो मेला. लोकांच्या मत्सराची मला किळस येते.

८ नोव्हेंबर, शनिवार, दुपारी तीन
दुर्बीण खोलीवर आणली. जुना फोकसर काढला. तीन स्क्रू, चार मिनिटं. नवा पाहिला आणि हसूच आलं. दातच नाहीत! जुन्यात दातेरी पट्टी होती, चाकाचे दात तिच्यात अडकायचे आणि नळी सरकायची. यात नुसता एक गुळगुळीत दांडा, नळीला टेकलेला. दुकानदाराने मायक्रॉनला चांगलाच गंडवलाय. बोळक्या तोंडाचा माल! असो. माझ्या हाती पडलाय, म्हणजे त्याचं भलं होईल.

पाच वाजता
कोरडा ठणठणीत आहे. वंगणाचा वाससुद्धा नाही. सोबतचा कागद सगळा इंग्रजीत. माझी शाळा सातवीत सुटली, पण कामापुरतं येतं. खाली ठळक अक्षरांत एन, ओ आणि पुढे ग्रीस. म्हणजे 'नंबर ग्रीस'. आमच्या डब्यांवर असतंच, एन-ओ दोन, एन-ओ तीन. पण या गाढवांनी पुढचा आकडाच छापला नाही! एवढं महागाचं सामान आणि छपाई ही अशी. शिसारी आली. दुसरा कुणी असता तर डोकं धरून बसला असता. मी ग्रीसमध्ये चार वर्षं काढलीत. नंबर तीन. घट्ट असतं, टिकतं. दांड्याला, नळीला, आतून-बाहेरून चोपडलं.

९ नोव्हेंबर, रविवार
बटण एका बोटाने फिरतं. लोणी! नळी मात्र जागची हलत नाही. कारण उघड आहे. ग्रीस कमी पडलं. आणखी भरलं.
आता हलते, पण स्वतःच्या मर्जीने. दुर्बीण वर केली की घसरत खाली येते. दात नाहीत तर धरणार कशाने? स्क्रू करकचून आवळला. वेल्डर म्हणाला, फोकस करतोयस की रेडिओ लावतोयस? मी त्याच्याकडे ढुंकून पाहिलं नाही.
संकल्प: रोज इंग्रजीचे पाच शब्द पाठ करायचे. त्या छपाईवाल्यांना खरमरीत पत्र धाडायचंय.

१० नोव्हेंबर, सोमवार
शब्द राहिले. उद्या दहा.

११ नोव्हेंबर, मंगळवार
लिहायची इच्छा नाही. लिहितो.
संध्याकाळी दुर्बीण मायक्रॉनच्या गच्चीवर नेली. त्याची आई खुर्ची टाकून आधीच तयार. शाळेत इंग्रजी शिकवायची. शनीचं कडं बघायचं म्हणून चष्मा तीनदा पुसला तिने. मी म्हटलं, आजी, हा घ्या शनी. दुर्बीण वर केली. नळी सुर्रकन बाहेर. डोळा लावायचं भिंग आजीच्या मांडीवर, आणि पांढऱ्या शालीवर ग्रीसचा हा एवढा गोळा. आजी म्हणाली, शनी राहिला वर, साडेसाती तेवढी पदरात टाकलीस.
मायक्रॉनने भिंग उचलून उजेडात धरलं. तो ओरडला असता तर बरं झालं असतं.
मी कागद पुढे केला. म्हटलं, चूक छपाईची आहे, नंबर लिहायचा राहिलाय. आजीने वाचलं. मग माझ्याकडे पाहिलं, पहिलीतल्या मुलाकडे पाहावं तसं. म्हणाली, बाळा, हा नंबर नाही रे. हा 'नो' आहे. नो म्हणजे नाही. ग्रीस लावू नका, असं सांगितलंय. दांडा नळीला घासतो म्हणून तर ती सरकते.
आजीने नळी धरली, मायक्रॉनने डाव्या हाताने स्पिरिटचं फडकं फिरवलं. वीस मिनिटं. शनी दिसला. कड्यासकट, म्हणे. मलाही विचारलं, बघतोस का? मी म्हटलं, नको, डोळ्यात काहीतरी गेलंय.

१२ नोव्हेंबर, बुधवार
आईचा फोन दोनदा आला. उचलला नाही. हात खराब होते.

१७ नोव्हेंबर, सोमवार
बेंचवर बाहेरून माणूस घेतला. मायक्रॉनने त्याला पहिल्यांदा माझ्याकडेच पाठवलं. म्हणाला, ग्रीस कुठे लागतं ते हा दाखवेल, कुठे लागत नाही तेही याला आता माहीत आहे. सगळ्या मशिनी फिरून दाखवल्या. माणूस बरा आहे. जाताना विचारलं त्याने, तुम्ही का नाही आलात बेंचवर? मी म्हटलं, मला बसून काम सोसत नाही, पाठ धरते.
संध्याकाळी आईला फोन केला. सांगितलं, फिटरची जागा मीच नको म्हटली.
 आई म्हणाली, बरं. मामाला मात्र तूच सांग.