खोल बाजूची परवानगी

प्रिय मासोळी,

रागात पत्र लिहू नये म्हणून दोन दिवस थांबले. राग काही गेला नाही, तेव्हा लिहितेच. फोनवर तू मला बोलू देत नाहीस.

परवा तुझी टीव्हीवरची मुलाखत पाहिली. दोनशे मीटर बटरफ्लायचा विक्रम नऊ वर्षं तुझ्या नावावर आहे, आता तू स्पर्धा सोडून मुलांना शिकवतेस, हे ऐकताना ऊर भरून आला. मग मुलाखत घेणाऱ्या बाईंनी माझ्याबद्दल विचारलं आणि तू डोळे पुसत म्हणालीस, की आईने माझ्यासाठी आयुष्य वेचलं, आता साठीत माझ्याच प्रेमापोटी पोहायला शिकतेय. मी रिमोट आपटला. बाबांनी तो उचलून ठेवला.

अगं, चौदा वर्षं पहाटे तलावाच्या त्या ओल्या पायऱ्यांवर तुझा टॉवेल मांडीवर घेऊन बसले, ते तुझ्यासाठी. कबूल. तू हरलीस की घरात दोन दिवस कुणी मोठ्याने हसायचंही नाही. पण आईला पाण्यात यावंसं वाटतं का, हे तुला एकदाही विचारावंसं वाटलं नाही. मला फार वाटायचं. तू पोहत असताना माझे पाय पायरीवर आपोआप हलायचे. नोकरी संपल्यावर शिकायचं मी ठरवलं, स्विमसूट मी आणला, आणि त्यात तुझा काडीचाही संबंध नाही.

तुझ्याबरोबर पोहणारा तो शिट्टीमास्तर आता आमच्या तलावावर शिकवतो. पाच महिने तो मला चार फूट खोलीवर बांधलेल्या दोरीपाशी अडवतोय. श्वास जमत नाही म्हणाला, श्वास जमवला. पाय वाकतात म्हणाला, पाय सरळ केले. माझ्यानंतर आलेल्या दंतवैद्य बाई खोल बाजूला जाऊन आल्या, आणि त्या तर पाण्यात उतरतानाही किंचाळतात. मी स्वतःला ढ समजायला लागले होते. शुक्रवारी माझं डोकं फिरलं. दोरीखालून गेले आणि पलीकडच्या भिंतीकडे निघाले. अर्ध्याहून पुढे पोचले होते, दम होता, घाबरले नव्हते. तेवढ्यात त्याने उडी मारली आणि बुडणाऱ्या माणसासारखं मला काखेत धरून सगळ्यांसमोर काठावर ओढून आणलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग रडवेला होऊन त्याने खरं सांगितलं. पहिल्याच आठवड्यात तू फोन करून त्याला बजावलंस, आईला खोल पाण्यात सोडायचं नाही. तुझा शब्द तो बिचारा कसा मोडणार? काळजीपोटी केलंस, कळतं मला. पण तू सात वर्षांची असताना उडी मारायच्या त्या उंच फळीवर उभी होतीस आणि मी खाली देवाचा धावा करत होते, तरी मी तुला अडवलं नव्हतं. मला अडवणारी तू कोण?

आता तो म्हणतो, मुलीची लेखी परवानगी आणा. तलावाचा फॉर्म सोबत पाठवतेय. लहान मुलांचाच आहे, त्याच्याकडे दुसरा नाही. पालकाच्या सहीच्या जागी मी माझी सही केलीय. तुझ्यासाठी खाली एक ओळ लिहून ठेवलीय: माझी आई कुठपर्यंत पोहते हे तीच ठरवेल. तिच्याखाली सही कर आणि बुधवारच्या आत पाठव. नाही पाठवलीस, तरी गुरुवारी मी पाण्यात उतरणार आहे.

तुझीच, अजून रागावलेली,
आई